दहा नंबरची निळी

४ मार्च

शाईवाले,

आशीर्वाद मागच्या पत्रात दिले होते, ते अजून संपले नसतील. पुरवून वापर.

हे पत्र बॉलपेनने लिहितेय, आणि त्याचाच राग आलाय म्हणून लिहितेय. तुझ्या आजोबांची शाईची बाटली संपली. तळाशी थोडी होती, त्यात पाणी घातलं, तर इतकी फिकी झाली की लिहिलेलं मलाच दिसेना. मग तुझ्या बापाने कुठूनसं फुकट मिळालेलं बॉलपेन दिलं. त्याने रोजनिशी लिहिली की वाटतं, परकं माणूस आमच्या घरात खाकरतंय.

रोजनिशीचं तुला सांगितलं नव्हतं. आजोबा रोज संध्याकाळी चहा झाला की एक ओळ लिहायचे, हे तुला माहीत आहे. जाड वही, वर्षभर पुरणारी. एका दिवसाला एक पान, तेही उजव्या हाताचंच. डावं कोरं सोडायचं. कचेरीतली सवय. गेल्या जुलैत ते गेले तेव्हा वही अर्धी रिकामी होती. मला कोरी पानं दिसली की ओट्यावर खरकटी भांडी पडल्यासारखी टोचतात. म्हणून मी लिहायला लागले. चौथी शिकलेली बाई लिहून लिहून काय लिहिणार? 'आज बाहेर गेले नाही.' 'आजही नाही.' 'शिवणवालीने बटण लावून दिलं.' एवढंच. पण पान भरतं.

तू म्हणे पेनांच्या आणि शाईच्या दुकानात लागलीयस. तर मला आजोबांचीच निळी पाठव. तसलीच दुसरी नको. बाटलीवरचं लेबल केव्हाच सुटलं, त्या जागी त्यांनी कागद चिकटवून स्वतःच्या अक्षरात 'शाई' असं लिहिलंय. बाटलीत शाई आहे हे आम्हाला कळत नव्हतं जसं काही.

तुझा बाप जूनपर्यंतची मुदत देऊन गेलाय. त्याच्याकडे इस्त्रीचं टेबल ठेवतात ती खोली माझ्यासाठी रिकामी करणार आहे. मी म्हटलं, डोळे आणि डोकं शाबूत आहे तोवर मी इथून हलणार नाही. ते त्याने कबूल केलंय. आता तो दर फोनला माझं डोकं तपासतो. 'आई, आज वार कोणता?' मी मुद्दाम म्हणते, तुला माहीत नसेल तर कॅलेंडर बघ.

फोन करू नकोस. फोनवर तू नुसतं हं हं करतेस.

आजी

१२ मार्च

प्रिय आजी,

तुझी आज्ञा मिळाली. पण 'निळी पाठव' म्हणणं सोपं आहे गं. आमच्याकडे निळ्याच चौतीस आहेत. प्रत्येकीला भारी नाव आहे, समुद्र काय, संध्याकाळ काय. ती नावं वाचून गिऱ्हाइकांचा गोंधळ होतो, तुझं तर डोकंच फिरेल. म्हणून मी नावं काढून नुसते नंबर घातलेत. सोबतच्या डब्यात सात कुप्या आहेत. माझं कामच ते आहे, दिवसभर बाटलीतून कुपीत, कुपीतून कुपीत. बोटं पाहशील तर ओळखणार नाहीस.

करायचं असं: निब धुऊन, पुसून, एकेका नंबरने दोन दोन ओळी लिही, उजेडात ठेव आणि बघ. बघताना घाई करू नकोस. आमच्याकडे लोक तासतास बसतात. एक बाई तर तीन दिवस येत होत्या, शेवटी पहिल्या दिवशीचीच घेऊन गेल्या.

आजोबांच्या अक्षरातलं एखादं पान पाठवशील? म्हणजे मला रंग जुळवून बघता येईल.

मी ठीक आहे. खोली लहान आहे, खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत. एक पलंग, एक खुर्ची. दुकानातून आले की पुष्कळदा उभ्यानेच जेवते, कारण खुर्चीवर कपडे असतात. नवीन जागेत सहा महिने झाले की ओळखी होतात म्हणे. पाच झालेत.

तुझी

शाईवाली

२० मार्च

शाईवाले,

सातही बाद.

एक नंबर शाळेच्या गणवेशाचा. दोन नंबर म्हणजे कपड्यांना घालायची नीळ, मी ती आयुष्यभर बादलीत पाहिली, आता वहीत कशाला? पाचव्यात जांभळं मिसळलंय, चोरून मिसळलं तरी मला दिसतं. सहावा बरा आहे. बरा आहे म्हणजे नको. बाकीचे नटवे. असल्या रंगात माणूस खरं लिहीत असेल असं वाटत नाही.

नव्या डोळ्याने पाहिले आणि जुन्यानेही. ऑपरेशन झालेला तो नवा. जुन्याने सगळंच चहात बुडवल्यासारखं दिसतं, म्हणून त्याचं मत मी धरत नाही.

पान पाठवतेय, जुन्या वहीतलं. जपून ठेव आणि परत पाठव. '११ ऑगस्ट. पंख्याला तेल दिलं. आवाज तसाच.' मला तो दिवस आठवत नाही, पण आवाज आठवतो. अजून तसाच आहे.

एक सांगून ठेवते. पानाच्या रंगावर जाऊ नकोस. जुनं होऊन काळं पडलंय ते. मी तरी काय कमी काळी पडलेय? लिहिलं तेव्हा निळं होतं. मी शेजारी असायचे. रोज.

खोलीत एकच खुर्ची? कुणी आलं तर?

आजी

२९ मार्च

प्रिय आजी,

कुणी आलं तर मी पलंगावर बसेन. अजून कुणी आलेलं नाही.

पान मिळालं, सोबत परत पाठवतेय. मी ते दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली धरून पाहिलं, भिंग लावून पाहिलं. आजी, रागावू नकोस. यात निळं काहीच नाही. फिकट काळा आहे, राखेसारखा. कागद जुना झाला की पिवळा होतो, पण निळी शाई काळी होत नाही, फार तर विटते. मला वाटतं, आजोबा काळ्याच शाईने लिहायचे.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे शेवटची कधी गेली होतीस? मोतीबिंदूत म्हणे सगळ्यात आधी निळा रंग जातो. आणि ऑपरेशन झालं की सगळंच निळसर दिसायला लागतं. तुझा एक डोळा असा आणि एक तसा. मी फक्त विचारतेय.

आठ आणि नऊ नंबर मी त्या पानाशी जुळवून पाठवतेय, दोन्ही काळ्या आहेत. दहा नंबरची गंमत आहे. आमच्याकडे पेनदुरुस्तीवाले काका आहेत, फारसे बोलत नाहीत. त्यांनी माझ्या हातातलं आजोबांचं पान घेतलं, उजेडाकडे धरलं, मागून पाहिलं, आणि स्वतःच्या कपाटातल्या एका जुन्या बाटलीतून ही कुपी भरून दिली. म्हणाले, 'आजींना द्या.' मी काही विचारणार तोवर गाडीची वेळ झाली म्हणून निघाले. महिनाभर मुलीकडे गेलेत. मी कुपी उघडूनही पाहिली नाही, डबा बंद करायची घाई होती.

तुझी

शाईवाली

६ एप्रिल

शाईवाले,

हाच.

आठ आणि नऊ उघडून लगेच बंद केल्या. दहा नंबरने पेन भरलं, एक रेघ ओढली आणि हात थांबला. हे सगळं पत्र त्यानेच लिहितेय, नीट बघून घे. हाच तो निळा. फार गडद नाही, फार गोड नाही, ओला असताना जरा पाण्याकडे झुकतो. आता म्हण, आजोबा काळ्या शाईने लिहायचे. म्हण की.

डॉक्टरच्या चौकशा नंतर कर. माझा नवा डोळा तुझ्या भिंगाला ऐकणार नाही.

तुला सांगते, मला इतकी खात्री का आहे. ओळ लिहून झाली की ते हाक मारायचे, 'टिपायला ये.' माझे हात ओले असोत, गॅसवर काही असो, हाक यायचीच. मी जायची. हात पुसायची, ड्रॉवरमधून टिपकागद काढायची, ओळीवर दाबायची, उचलायची. मग वही बंद. चाळीस वर्षं. एवढा मोठा जन्ममृत्यूच्या नोंदी करणारा कारकून, चौतीस वर्षं सरकारी वह्या भरल्या, आणि घरी एक ओळ टिपता येत नव्हती. मी म्हणायचे, फुंकर मारा की. तर म्हणायचे, फुंकरीने शाई बिघडते.

म्हणून रंग मला ठाऊक. वाचण्यात मला रस नव्हता, पण ओली ओळ रोज पाहिलीय.

आता मीच लिहिते, मीच टिपते. पत्राला टिपकागद लावत नाही, तो रोजनिशीचा. पत्र खिडकीत वाळवते. टपालवाला अकराला येतो, त्याच्या आधी पाकिटात जायला पाहिजे.

गुडघ्याला जरा लागलंय. विशेष नाही. न्हाणीघराच्या उंबऱ्याने लाथ मारली. बापाला सांगू नकोस, तो वार विचारायचं सोडून उंबरे मोजायला लागेल.

आजी

१४ एप्रिल

प्रिय आजी,

पत्र मिळालं. हो गं, फारच सुंदर निळा आहे. तुझंच बरोबर होतं. सापडला ना एकदाचा!

गुडघ्याला शेक दे. न्हाणीघरात जपून. मी लवकरच फोन करेन.

तुझी

शाईवाली

१४ एप्रिल

प्रिय बाबा,

आजीचं पत्र सोबत पाठवतेय. तुम्हीच बघा. 'हाच तो निळा, नीट बघून घे,' असं लिहिलंय, आणि सगळं पत्र काळंकुळकुळीत आहे. एक अक्षरही निळं नाही. मी दुकानात तीन जणांना दाखवलं. तिघेही म्हणाले, काळं.

आधी वाटलं, डोळे. पण आठ आणि नऊ नंबरच्या काळ्या शाया तिने बरोबर ओळखून बाजूला ठेवल्या. म्हणजे काळा दिसतो तिला. मग हा कसा दिसत नाही? बाबा, मला भीती वाटतेय की हे डोळ्यांचं नाही. तिला जे बघायचंय ते ती बघतेय. दिवसभर बोलायला कुणी नाही, रोज 'बाहेर गेले नाही' असं लिहिते. पडलीयसुद्धा, गुडघ्यावर. मी सांगितलं असं म्हणू नका.

मी तिला खोटंच लिहिलं की निळा आहे. काय लिहिणार होते?

तुम्ही एकदा जाऊन या. जूनची वाट बघू नका.

तुमची

मोठी

२७ एप्रिल

शाईवाले,

तुझा बाप येऊन गेला. शुक्रवारी आला, न कळवता. एका हातात मोठी रिकामी बॅग, दुसऱ्या हातात माझंच पत्र. मी तुला घातलेलं पत्र त्याच्या हातात कसं, हे मी विचारलं नाही. इतकं डोकं आहे.

चहा घेतला. मग पत्र माझ्यापुढे ठेवून लहान मुलाला विचारावं तसं म्हणाला, 'आई, या शाईचा रंग कोणता?'

मी पाहिलं. आधी जुन्या डोळ्याने, मग नव्याने. मग दोन्हीने.

'काळा,' म्हटलं.

'आणि तू काय लिहिलंयस?'

मी वाचलं. माझंच अक्षर. हाच तो निळा. वाचायला लावल्यासारखं त्याने बोट ठेवलं होतं.

तुला खरं सांगते, मी घाबरले. ते गेले तेव्हा घाबरले नव्हते, तेव्हा कामं होती. ही भीती वेगळी. निळं लिहिलेलं मला आठवत होतं आणि समोर काळं होतं. घरात दुसरं कुणी असतं तर विचारलं असतं, अहो, सकाळी हे निळं होतं ना? विचारणार कुणाला? पंख्याला?

तो म्हणाला, 'रविवारी निघू. लागेल तेवढंच घे.' मी कपबशा उचलल्या. मी भांडले नाही म्हणून तोही घाबरला, असं मला वाटतं.

शनिवारी सकाळी तो अंघोळीला गेला तेव्हा मी पत्र घेऊन खाली शिवणवालीकडे गेले. गुडघ्याने त्रास दिला. तिने मशीनवरचा पाय न थांबवता सांगितलं, 'काळा की. का हो?' मी वर आले, दहा नंबरने एका कोऱ्या कागदावर एक ओळ लिहिली आणि ओला कागद धरून परत खाली. 'आणि हा?' तिने पाय थांबवला. 'हा निळा. आजी, सकाळी सकाळी माझी परीक्षा घेताय का?'

म्हणजे मला दिसत होतं ते तिलाही दिसत होतं. मी तिच्या दुकानातल्या स्टुलावर बसले. कापडाच्या चिंध्या बाजूला सारून तिने पाणी दिलं. मी म्हटलं, कागद इथेच असू दे, मी बसते. तीही गिऱ्हाइकाचं काम करत अधूनमधून मान वाकडी करून बघायची. अर्ध्या तासाने म्हणाली, 'अहो, हा मळतोय.'

तेव्हा मला उलगडलं. वर येऊन मी तुझ्या बापाला टेबलाशी बसवलं. 'आज बॅग भरायची नाही. आज इथे बसायचं,' म्हटलं. दहाला एक ओळ लिहिली, अकराला तिच्याखाली दुसरी, बाराला तिसरी, अशी दर तासाला एक. प्रत्येक ओळीपुढे वेळ घातली. तो आधी मोबाईल बघत होता. दुपारी दोनला त्याने मोबाईल पालथा ठेवला. कागदावर खालची ओळ निळी, तिच्या वरची मळलेली, आणि सगळ्यात वरची काळी पडत चाललेली.  कागद उचलून खिडकीत नेला, परत आणला, परत नेला. सगळा बापावर गेलाय, म्हणजे आपल्या बापावर.

इतकी वर्षं मला हे दिसलं कसं नाही, विचारशील. रोजचं पान नवं, डावं कोरं. मागचं पान मी कधी उलटलं नाही. मला ओल्या ओळीपुरतं बोलावणं असायचं. जुन्या वह्या काळ्या दिसल्या तेव्हा वाटलं, जुन्या झाल्या.

रविवारी तुझा बाप रिकामी बॅग घेऊन गेला. न्हाणीघराच्या उंबऱ्याला रबराची पट्टी लावून गेला. गुडघ्याचं त्याला कुणी सांगितलं हेही मी विचारलं नाही.

आता तुझ्याशी. तू लिहिलंस, 'फारच सुंदर निळा आहे.' तुझ्यापुढे काळं होतं आणि तू मला निळं म्हणालीस. भांडली असतीस, आजी तुला वेड लागलंय म्हणाली असतीस, तर मी तुला चार शब्द सुनावले असते आणि त्याच दिवशी वही उलटून पाहिली असती. गोड बोललीस म्हणून आठ दिवस मी सुखात होते. तसलं सुख मला पुन्हा देऊ नकोस.

आजी

६ मे

प्रिय आजी,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा दुकानात वाचलं आणि शाईची एक बाटली सांडली, त्यावरून काय ते समज.

चुकलं. तुला विचारायला हवं होतं. मी बाबांना विचारलं, दुकानातल्या तिघांना विचारलं, तुलाच तेवढं विचारलं नाही. भांडले नाही, कारण भांडण झाल्यावर तू पत्र लिहिणं बंद केलंस तर मला पत्र लिहिणारं दुसरं कुणी नाही. हे कारण चांगलं नाही, पण खरं आहे.

पेनदुरुस्तीवाले काका परवा आले. त्यांना सगळं सांगितलं तर ते हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. म्हणाले, ती दप्तराची शाई. जन्ममृत्यूच्या, जमिनीच्या कायमच्या नोंदी तिनेच लिहायचे. त्यात लोखंड असतं. लिहिताना दिसावी म्हणून निळी करतात, मग हवा लागली की कागदातच काळी होते, आणि मग धुऊनही जात नाही. आता कुणी मागत नाही, म्हणून दुकानात ठेवत नाहीत. आजोबांचं पान पाहूनच त्यांनी ओळखलं होतं.

पण एक गोष्ट त्यांना समजेना, आणि ती मी तुला विचारते. ते म्हणाले, या शाईला टिपकागद कधीच लावायचा नसतो. ती आपोआप कागदात मुरू द्यायची. टिपली की अर्धी वर निघून येते, आणि ओळ कायमची फिकट राहते, राखेसारखी. नोंदणीच्या कचेरीत टिपकागद टेबलावर ठेवूसुद्धा देत नसत. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. 'तुझे आजोबा चौतीस वर्षं तिथे होते ना?' मला विचारत होते. 'मग ते टिपून कशाला घेत होते?'

मी म्हटलं, आजीला विचारून सांगते.

हे पत्र मी काकांकडून दहा नंबर मागून घेऊन लिहितेय. आत्ता निळं आहे. खरंच सुंदर आहे, आता खोटं नाही सांगत. तुला पोचेल तेव्हा काळं असेल. खोलीत दाखवायला कुणी नाही, म्हणून हे लिहून ठेवतेय, की आत्ता निळं आहे.

तुझी

शाईवाली

१५ मे

शाईवाले,

तुझं पत्र काळं मिळालं. लिहिताना निळं होतं, हे मी मानते. माझं तू मानलं नव्हतंस.

काकांना सांग, प्रश्न बरोबर विचारलात.

मी कपाटातल्या जुन्या वह्या काढल्या. खाली बसता येत नाही, म्हणून पलंगावर पसरल्या आणि पानं उलटत गेले. सगळ्या ओळी फिकट. राखेसारख्या, तू म्हणालीस तशा. मग तुझ्या जन्माच्या वर्षाची वही काढली. तेव्हा मी दीड महिना तुझ्या आईजवळ होते, आजोबा इथे एकटे. त्या दीड महिन्याच्या ओळी बघितल्या. काळ्याभोर. काल लिहिल्यासारख्या. 'आज खाणावळीत जेवलो.' 'नात झाली, तार आली.' 'आज काही नाही.' 'आजही काही नाही.' मी परत आले त्या दिवसापासून पुन्हा फिकट.

माझ्या बहिणीच्या आजारपणात मी गेले होते, ते बारा दिवस काढले. काळे. मी हॉस्पिटलात होते तो आठवडा. काळा. मी घरी असले की फिकट.

म्हणजे त्यांना माहीत होतं. रोज माहीत होतं. फुंकरीने शाई बिघडते म्हणे! टिपकागदाने बिघडते हे नाही सांगितलं. चौतीस वर्षं लोकांचे जन्म आणि मरण एकही ओळ न बिघडवता लिहिले, आणि घरची प्रत्येक ओळ माझ्या हाताने बिघडवून घेतली. कचेरीत असं केलं असतं तर नोकरी गेली असती.

आणि मी जाऊन तरी काय करायची? ओळ टिपायची, त्यांच्या खांद्यावरून बघायची आणि म्हणायची, 'एवढंच?' ते म्हणायचे, 'एवढंच.' की मी परत कामाला. बस म्हणाले असते तर मी बसले नसते, मला बसायला वेळ नव्हता. म्हणून बस म्हणाले नाहीत, टिपायला ये म्हणाले. लबाड माणूस.

काल मी टिपकागद लावला नाही. ओळ लिहिली, पेनाला टोपण घातलं आणि हात मांडीवर ठेवून बसले. फार वेळ लागतो गं. खाली शिवणवालीचं मशीन थांबलं, तिने शटर ओढलं, तरी अक्षरांच्या कडेला अजून निळं होतं. मध्येच मी म्हणून गेले, 'एवढंच?' मोठ्याने म्हणाले. मग दिवा लावला.

आजची ओळ अजून लिहिलेली नाही.

तुला तीन कामं सांगते. दहा नंबरची मोठी बाटली पाठव, कुपी नको, मी अजून बरेच दिवस लिहिणार आहे. खोलीत दुसरी खुर्ची घे आणि तिच्यावर कपडे टाकू नकोस. आणि सुट्टी मिळाली की इकडे ये, संध्याकाळच्या चहाच्या आत पोच. मी लिहीन, तू टिप. टिपकागद ड्रॉवरमध्ये आहे.

ओळ बिघडली तरी चालेल.

आजी